साहेबांची निम्मी कमाई

गणवेश शिवणाऱ्या बाईंच्या नवऱ्याला सगळी गल्ली साहेब म्हणायची. कुठल्या ऑफिसात साहेब, असं विचारायची सोय नव्हती, कारण ते कुठल्याच ऑफिसात नव्हते. खिशाला दोन पेनं, पायात चकचकीत बूट, आणि तोंडावर आत्ताच कुणाला तरी नोकरीवरून काढून आल्याचा भाव. शर्टाला इस्त्री बायकोची. शर्टही तिनंच शिवलेला.

बाईंचा कारखाना म्हणजे घराची पुढची खोली. कापायचं टेबल, दोन मशिनं, खिळ्यांना टांगलेले पुठ्ठ्याचे नमुने. परिचारिकांचे, दरवानांचे, शाळेच्या पोरांचे कपडे इथूनच जात. फक्त बटणांची काजं बाहेरून करून आणावी लागत, आणि काजवाला हा महा आगाऊ माणूस. शाळा उघडायच्या तोंडावर चारशे शर्ट चार-चार दिवस अडकवून ठेवी. म्हणून काजाचं मशीन घ्यायचं बाईंनी मनात धरलं आणि तीन वर्षं बँकेत पैसे साठवले.

ते खातं दोघांच्या नावावर, आणि साहेबांचं नाव वर. फॉर्म भरतानाच साहेब काउंटरवर फुरफुरले होते, "अगं, तुझ्या नावाखाली माझं नाव? मी काय तुझा कारकून?" बिलबुक छापतानाही तीच तऱ्हा. मालक म्हणून छापले साहेब. बाई म्हणाल्या, "छापा हो. शाईच जाते ना?"

मग साहेबांच्या डोक्यात धंदा शिरला. मालिश करणाऱ्या खुर्च्या! बसस्टँडवर ठेवायच्या, प्रवाशानं नाणं टाकायचं, खुर्चीनं त्याची पाठ रगडायची. फायनान्स कंपनीचं कर्ज काढून दोन आणल्या. लोक बसायचे, डबा खायचे, नाणं न टाकता गाडीत चढायचे. तिसऱ्या दिवशी एका खुर्चीनं एका गृहस्थाच्या पोटऱ्या अशा धरल्या, की सोडायला मेकॅनिक आणावा लागला आणि तोवर गृहस्थाची गाडी निघून गेली. स्टँडवाल्यांनी खुर्च्या घरी धाडल्या. मग काय, बाई मशीन मारतायत आणि साहेब शेजारी गुरगुरत पाठ रगडून घेतायत! हप्ता मात्र एकही भरला नाही.

कंपनी कोर्टात गेली, आणि एके दिवशी काजाच्या मशीनची रक्कम काढायला गेलेल्या बाईंना बँकेतला कॅशियर म्हणाला, "ताई, खातं गोठवलंय. पहिल्या खातेदाराची थकबाकी आहे."

"पण पैसे माझे आहेत!"

"कागद तसं म्हणत नाही ना, ताई."

साहेबांना बरोबर घेऊन बाईंनी गाठली वकिलीणबाई. तिचा काळा कोट बाईंनीच दोनदा ढिला करून दिला होता. तिनं बिलबुक चाळलं आणि कपाळाला हात लावला. "मालक म्हणून यांचं नाव, खात्यावर वर यांचंच नाव. कंपनी म्हणणार, सगळे पैसे यांचेच. आता एकच उपाय. यांनी कोर्टात खरं सांगायचं, की या खात्यात मी एक पैसाही भरलेला नाही. मग तुमचे पैसे सुटतील."

"एवढंच ना?" साहेब म्हणाले. "सांगतो की. घाबरतो काय?"

तारखेला साहेब नवा शर्ट घालून निघाले, आणि चहाच्या टपरीवरचे तिघं दोस्तही बरोबर घेतले. कोर्टात आपण कसं बोलतो ते बघायला! तिघं मागच्या बाकावर माना उंचावून बसले.

न्यायाधीशांनी विचारलं, "या खात्यात तुम्ही कधी काही भरलंत?"

साहेबांनी मागं बघितलं. तिघंही बघत होते. वीस वर्षं ज्यांच्यापुढं कारखान्याच्या गप्पा मारल्या, तेच ते तिघं.

"म्हणजे, तसं बघायला गेलं तर..." साहेबांनी पेन चाचपलं. "निम्मं माझंच आहे."

बाईंनी डोळे मिटले. वकिलीणबाई पुटपुटली, "गेले." आणि गेलेच. निम्मी रक्कम कंपनीला, निम्मी बाईंना. उरलेल्यात मशीन येत नव्हतं.

बाहेर येताच साहेब म्हणाले, "बघितलंस? निम्मे वाचवले तुझे."

बाई तशाच बँकेत गेल्या आणि नवं खातं उघडलं. कॅशियरनं विचारलं, "जोडीला कुणाचं नाव, ताई?" त्या म्हणाल्या, "जोडी नको. शर्ट शिवते मी, तबला-डग्गा वाजवत नाही."

दुसऱ्या दिवशी दोनशे शर्टांचं गाठोडं त्यांनी दारात आणून टाकलं. "अहो, उचला."

"मी?"

"कोर्टात सांगितलंत ना निम्मं तुमचं आहे? चारशे शर्ट आहेत. हे तुमचे दोनशे. काजवाल्याकडं बसायचं, तो काजं करून देईपर्यंत उठायचं नाही."

आता हा गृहस्थ शाळांच्या हंगामात चकचकीत बूट घालून, डोक्यावर गाठोडं घेऊन रोज गल्लीतून जातो. काजवाला त्याला आत घेत नाही, दाराबाहेरच्या पायरीवर बसवतो. वाटेत कुणी भेटलंच तर हा मान ताठ करून सांगतो, "जरा कारखान्याच्या दुसऱ्या शाखेला भेट द्यायला निघालोय."