गिरजाअक्काची साक्ष

वस्तीतल्या कुणाला पोलिसांनी उचललं की गिरजाअक्का भाकरी थापायला बसायची. धुळ्यातल्या आमच्या मजुरांच्या वस्तीला तिची ही सवय माहीत होती. डबा घेऊन ती ठाण्यात जायची आणि बाकावर बसून राहायची. "त्याले खावाडसू, मंग जासू." आत गेल्यावर ती त्याचा हात बघायची. ज्याला मारलंय त्याला भाकरी नीट मोडता येत नाही.

वस्तीतला पहिला पदवीधर मी, तोही तिच्याच धाकाने झालो. पुढे ती मलाही सोबत न्यायची. "चाल रे भाऊ, शिकेल माणूस दखीसन त्या खुर्ची देतस. माले बाकडंच शे."

ठाण्यात कॅमेरे बसले, तेव्हा ठाणे अंमलदार हसत म्हणाले, "अक्का, आता तुमची नोकरी गेली."

"कॅमेरा दखस, साहेब. पण सांगस कोणले?"

शेजारच्या रखमाबाईच्या मुलाला, सुनीलला मोबाईलचोरीच्या संशयावरून नेलं, त्या दिवशी मी मुलाखतीसाठी जळगावला होतो. अक्का एकटीच गेली. सुनीलच्या हातातून भाकरी खाली पडली. तिने त्याला घास भरवला आणि ओरडली, "याले दवाखानामा न्या!" फौजदार म्हणाले, "नाटक करतोय." दुसऱ्या दिवशी सुनील मेला. कोठडीत पाय घसरून पडला, असं सांगण्यात आलं. कॅमेरा बंद होता.

चौकशी झाली, फौजदारावर खटला उभा राहिला. सुनीलला तशा अवस्थेत पाहिलेली, आणि ते सांगायला तयार असलेली, अक्का एकटीच. मग तिच्या मुलाची, दिलीपची रिक्षा चौकाचौकात अडवली जाऊ लागली. भली माणसंही म्हणाली, "अक्का, सोडून द्या." तिने दिलीपला जामनेरला मामाकडे धाडलं. "रिक्षा तठे बी चालस," म्हणाली, आणि साक्ष द्यायला उभी राहिली.

जे पाहिलं ते तिने सगळं, तिच्या भाषेत 'बठ्ठं', सांगितलं. उलटतपासणीसाठी मात्र आरोपीचे वकील वर्षानुवर्षं तारखा मागत राहिले. दर तारखेला ती धुतलेलं लुगडं नेसून कोर्टात यायची आणि तशीच परत जायची. एका हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. सरकारी दवाखान्यातून ती परत आली नाही. अर्धी राहिलेली साक्ष टिकेल का, हे आमच्या वकिलांनाही सांगता येईना.

पुढच्या तारखेला शिपायाने दारात तिचं नाव पुकारलं. त्याला कुणी कळवलंच नव्हतं. फौजदार पुन्हा नोकरीवर घेतले गेले होते. ते भिंतीशी उभे होते. इतकी वर्षं कोर्टात तोंड न उघडलेली रखमाबाई उठली.

"ती मरी गयी, साहेब. पण तिनी सांगेल शे ना बठ्ठं."

न्यायाधीशांनी तिला खाली बसायला सांगितलं आणि पुढची तारीख दिली.