आबांचे पाच तास

आमचे आबा स्टेशनच्या घड्याळावर थुंकायचे. अगदी घड्याळावर नाही, ते उंच होतं. त्याच्या खालच्या भिंतीवर. फलाटावर पाय ठेवला की मान खाली, पचकन थुंकायचं आणि पुढे चालायचं. चाळीस वर्षं त्या घड्याळाचं तोंड पाहिलं नाही, असं छाती फुगवून सांगायचे. सासऱ्यांबद्दल असं बोलू नये, पण मला त्या भिंतीची शिसारी यायची, कारण माझी विकायच्या बूझची, म्हणजे वाफवलेल्या मटणाच्या मोदकांची, टोपली तिथेच खाली असायची.

घड्याळाचा गुन्हा एवढाच, की ते मॉस्कोची वेळ दाखवायचं. साऱ्या देशातल्या गाड्या त्याच वेळेवर, तिकिटंही त्याच वेळेची. पार पूर्वेकडच्या आमच्या बुर्यातियात त्या वेळेत पाच तास मिळवायचे. इथे सूर्य डोक्यावर आला तरी स्टेशनात सकाळचे सातच.

"आपण जेवून हात धुतो तेव्हा ते जांभया देत उठतात, आणि घड्याळ म्हणे त्यांचं!" आबा म्हणायचे. एवढं मात्र खरं होतं.

गोंबो आबांनी सगळा जन्म शाळेचा बॉयलर पेटवण्यात घालवला. तिथे त्यांना कोणी विचारत नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांना हा मान सापडला. गावात कोणी तिकीट काढलं की आबांना दाखवायला आणायचं. आबा तिकीट उन्हात धरायचे, डोळे बारीक करायचे आणि पाच बोटं नाचवायचे. जशी काही नाडीपरीक्षाच.

आमच्या जवळचं सरोवर बघायला लांबून येणाऱ्या पाहुण्यांना हे गणित ठाऊक नसायचं. ते बिचारे पाच तास आधी येऊन डासांना रक्त देत बसायचे. एकदा एक दाढीवाला आणि त्याची बायको असेच येऊन बसले. आबा त्यांच्या समोरच्या बाकावर टेकले आणि माझ्या टोपलीतली बूझ मिटक्या मारत खाऊ लागले. आतल्या मटणाचा रस हनुवटीवरून गळत होता.

"बसा, बसा," ते म्हणाले. "मॉस्को अजून अंथरुणातच आहे."

ती बाई रडकुंडीला आली होती. त्या हनुवटीची मला जी किळस आली, ती अजून गेलेली नाही.

मग एका वर्षी ऑगस्टात रेल्वेने सगळीकडची घड्याळं आणि तिकिटं त्या त्या गावच्या वेळेवर आणली. चाळीस वर्षं शिव्या घालून जे मागितलं ते आबांना मिळालं, आणि त्यांनी ते मानलंच नाही.

"आबा, घड्याळ बदललं. आता आपलीच वेळ दाखवतं."

"कोण म्हणतं?"

"अहो, मी रोज त्याच्याखाली बसते!"

"मॉस्को तुझ्यासाठी काटा हलवणार? मोठी आलीस शहाणी. बूझ विकतेस ना, बूझ विक."

"एकदा मान वर करून बघा तरी."

"त्या मेल्याचं तोंड? मेलो तरी बघणार नाही."

त्याच आठवड्यात दारिमा आत्यांचा फोन आला. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. आई लवकर गेली. या बहिणीने धाकट्या भावाला पाठीशी बांधून गाई चारल्या, त्याला लहानाचं मोठं केलं. लग्न होऊन ती पूर्वेला अमूरकाठी गेली. बारा वर्षांत दोघांची भेट नव्हती. आता गुडघे गेले होते, म्हणून मुलीकडे पश्चिमेला नोवोसिबिर्स्कला कायमची निघाली होती, आमच्या गावावरून. उन्हाळ्यातली जादा गाडी होती, आमच्याकडे दोन मिनिटं थांबणारी.

"अकराला पोचते, असं वेळापत्रकात लिहिलंय," आत्या म्हणाल्या. "दारातच उभी राहते रे गोंबो. यानंतर कुठली आपली भेट!"

आबांनी फोन ठेवला, पाच बोटं नाचवली आणि म्हणाले, "चार."

मी गयावया केली. स्टेशनमास्तरीणबाईंना घरी घेऊन आले. त्यांना आबा म्हणाले, "तुमचा पगार मॉस्कोतून येतो, तुम्ही त्यांचंच गाणार." बाई आल्या पावली परत गेल्या.

त्या दिवशी सकाळी पुन्हा सांगितलं. आबा पाटावर मटण बारीक चिरत बसले होते.

"सूनबाई, ताईसाठी बूझ मी करणार. तीनला वाफेवर चढवतो, म्हणजे गरमागरम तिच्या हातात पडतील. तू जा."

"आबा, पाया पडते. अकरालाच चला. नसेल गाडी तर परत या. तुमचं काय जातंय?"

"अकराला जाऊन बसू? त्या दाढीवाल्यासारखा? गाव हसेल मला!"

हसेल म्हणून! गावच्या हसण्यापुढे बहीण काहीच नव्हती. मला त्यांच्याकडे बघवेना. मी टोपली उचलून निघाले. स्टेशनवरून आबांना फोन लावला तर तो बंद. बॅटरी वाचवायला ते बराच वेळ बंद ठेवतात.

गाडी अकराला आली. आत्या दारात दांडा धरून उभ्या होत्या, डोक्याला निळा रुमाल, मागून डब्यातल्या बाईने कंबरेला धरलेलं. त्या माझ्या डोक्यावरून फलाटभर बघत होत्या. मी त्यांच्या हातात बूझचा डबा दिला. त्यांनी तो न बघताच घेतला.

"गोंबो कुठाय?"

मी वळून स्टेशनच्या दाराकडे पाहिलं.

"तो गाडी चुकवणारा नाही. खरं सांग पोरी, गोंबो गेला का?"

मी उत्तर दिलं तेव्हा गाडी हलली होती. त्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

चारच्या सुमाराला आबा आले. दाढी केलेली, सणाचा रेशमी अंगरखा, घोंगडीत गुंडाळलेलं पातेलं पोटाशी. थुंकले, आणि फलाटाच्या कडेला जाऊन पूर्वेकडे बघत उभे राहिले.

"गाडी उशिरा दिसतेय," थोड्या वेळाने म्हणाले.

"गेली. अकराला."

ते कडेवरून मागे आले. मग हळू आवाजात म्हणाले, "ताई काही बोलली?"

"तुम्ही मेलात का, विचारत होत्या."

त्यांनी पातेलं बाकावर ठेवलं. "मग? तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, जिवंत आहेत. घरी बसून बेरीज करतायत."

आबांनी मान वर केली. घड्याळात चार वाजून गेले होते. त्यांच्या मनगटावरही तेवढेच वाजले होते.