बावणे दादांनी डाक दिली नाही

आमची युनिट जबलपूरला तीन वर्षं होती. त्यातल्या शेवटच्या एप्रिलमधला एक दिवस मला सांगायचा आहे. त्या दिवशी गोळी चालली नाही. कुणाला मेडल मिळालं नाही. शर्यतीत आमची कंपनी पाचांपैकी पाचवी आली. तरी सतरा वर्षांच्या नोकरीतला एखादा दिवस सांगा असं कुणी म्हटलं, तर मी हाच सांगतो.

मी तेव्हा लान्स नायक होतो. गाव पांढुर्णा. वडील संत्र्यांच्या पेट्या ठोकायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मी बारावी करून भरती झालो आणि नोकरीत राहून दूरशिक्षणाने बी.ए. करत होतो. सहा वर्षं लागली होती. एक पेपर उरला होता, राज्यशास्त्राचा. ऑगस्टमध्ये युनिट बर्फाच्या इलाक्यात जाणार होती, दोन वर्षांसाठी. माझ्या नोंदणीची मुदत त्याच वर्षी संपत होती. म्हणजे हा पेपर चुकला की सहा वर्षं पाण्यात. पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात.

बराकीत वाचन होत नसे. कुणी रेडिओ लावी, कुणी पत्ते मांडी. मी दुपारी दोन ते चार लंगरच्या स्टोअरमध्ये बसायचो, पिठाच्या पोत्यांना टेकून. लंगरचे प्रमुख होते हवालदार कुक बावणे. भंडाऱ्याकडचे. वय बेचाळीस, पोट थोडं सुटलेलं, आवाज परेड ग्राउंडवर ऐकू जाईल असा. युनिटमधले आम्ही सगळे मराठी त्यांना दादा म्हणायचो. ते मला पहिल्या दिवसापासून बीए म्हणायचे, डिग्री मिळायच्या आधीपासून.

ते बटाटे सोलत बसायचे आणि मला मोठ्याने वाचायला लावायचे.

"काय बीए, कालचं ते अलिप्ततावाद झालं का?"

"झालं दादा."

"मग सांग. पाच मुद्दे होते."

मी चार सांगायचो. पाचवा ते सांगायचे. स्वतः आठवी पास होते.

युनिटमध्ये दरवर्षी कंपन्यांची डाक रिले व्हायची. बरगी धरणापासून छावणीच्या मैदानापर्यंत छत्तीस किलोमीटर. चार जणांची टीम, नऊ-नऊ किलोमीटरचे चार टप्पे. लाकडी बॅटन नसायचं. कॅनव्हासची एक पिशवी खांद्यात अडकवायची, तिच्यात सीलबंद लिफाफा. बदलीच्या ठिकाणी देणाऱ्याने पिशवी काढून द्यायची आणि घेणाऱ्याने चिठ्ठीवर वेळ टाकून सही करायची. सही केल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. डाक टीमच्याच माणसाच्या अंगावर आणि पायीच पुढे गेली पाहिजे, हा मुख्य नियम. कोण किती पळाला, हे कुणी विचारत नसे. आणखी एक नियम असा की चौघांत एक जण ट्रेड्समन हवा. कुक, न्हावी किंवा धोबी. नाहीतर कंपन्या नुसते खेळाडूच उतरवतील. आमच्याकडून नेहमी न्हावी पळायचा. त्या वर्षी तो सुटीवर होता.

"माझं नाव टाक," दादा म्हणाले.

"दादा, नऊ किलोमीटर आहे."

"मग? मला काय पातेलं घेऊन पळायचं आहे?"

टीमचा कॅप्टन मी होतो. कारण एवढंच की मला तक्ता बनवता यायचा. पहिला टप्पा ठाकुरला दिला. हिमाचलचा गडी, धरणाकडचा चढ त्याला काहीच नव्हता. दुसरा सतीश मेश्रामला. सतीश जबलपूरचाच, घमापुरात वाढलेला, वडील कारखान्यात फिटर. कंपनीतला सगळ्यात जोरात पळणारा. तिसरा टप्पा दादांचा. चौथा, तिलवारा पुलापासून मैदानापर्यंत, माझा.

शर्यतीची तारीख लागली तेव्हा कळलं की माझा पेपर त्याच दिवशी आहे. साडेनऊला, शहरातल्या गढा भागात, एका कॉलेजात. मी तक्ता पाहिला. सुरुवात ०५:३०. माझ्या हातात डाक ०७:४५. मैदानावर ०८:३०. गढ्यात ०९:०० पर्यंत. अर्धा तास हातात राहत होता. मी कंपनी कमांडरला काही सांगितलं नाही. परीक्षा माझी घरगुती गोष्ट आणि शर्यत कंपनीची, असं मला वाटलं. मागितलं तर मिळेल, हे आमच्यासारख्यांना उशिरा समजतं. फक्त दादांना माहीत होतं, कारण तारीख त्यांनीच पुस्तकाच्या मागे लिहून ठेवायला लावली होती.

त्या दिवशी ०७:०० वाजता मी तिलवारा पुलाजवळ तिसऱ्या बदलीवर हजर झालो. नाश्त्याची गाडी तिथेच उभी होती. माझा पिठ्ठू, म्हणजे पाठीवरची सॅक, तिच्यात ठेवला होता. आत पॅन्ट, शर्ट, हॉल तिकीट, दोन पेन. पंच होते दुसऱ्या कंपनीचे एक सुभेदार साहेब. त्यांच्याजवळ रेडिओ सेट होता.

०७:०४ ला सेट बोलला. दुसऱ्या बदलीवरचा ऑपरेटर होता.

"तीन, मैं दो. चार्ली कंपनी का रनर रास्ते में बैठ गया है. पैर में चोट. ओव्हर."

चार्ली म्हणजे आम्ही. बसलेला रनर म्हणजे सतीश.

"दो, मैं तीन. कितनी दूर? ओव्हर."

"तीन किलोमीटर पीछे. अब उठा है. लंगड़ा रहा है. ओव्हर."

०७:०७ ला सेट पुन्हा बोलला.

"तीन, मैं दो. चार्ली का अगला रनर पोस्ट छोड़कर भाग गया. ओव्हर."

सुभेदार साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "भाग गया? किधर? ओव्हर."

"पीछे. बरगी की तरफ. रोका, रुका नहीं. ओव्हर."

पुढचं मला नंतर दुसऱ्या बदलीच्या ऑपरेटरने सांगितलं. तो दादांना म्हणाला होता, हवालदार साब, इथेच थांबा, रनर तुमच्याकडे येईल. दादा जाता जाता म्हणाले, "खाना पोस्ट तक पहुँचाना पड़ता है. पोस्ट लंगर में नहीं आती."

सतीशला ट्रकने कडेला दाबलं होतं. डांबराच्या काठावरून पाय घसरला आणि घोटा मुरगळला. तो एका पायावर उड्या मारत येत होता. दादा समोरून आलेले पाहून तो रडायलाच लागला, हे त्याने स्वतः कबूल केलं आहे.

"दादा, सॉरी यार. पाय गेला."

"सॉरी मग बोल. पिशवी काढ."

"मी चलतो ना हळूहळू."

"तू बस इथं. गाडी येऊन राहिली तुझ्यासाठी." दादांनी चड्डीच्या खिशातून गुळाचा खडा काढून त्याच्या हातावर ठेवला आणि परत फिरले.

इकडे तिलवाऱ्याला बाकीच्या चार कंपन्यांची डाक एकामागून एक आली आणि गेली. ०८:१० ला मी एकटा उरलो. ऊन चढलं होतं. सुभेदार साहेबांनी विचारलं, "कॅप्टन तू है ना? टीम को वापस लेना है तो बोल. मैं लिख देता हूँ."

माघार घेतली असती तर मी सरळ पेपरला जाऊ शकलो असतो. कंपनीला शून्य गुण मिळाले असते. शेवटचं येऊन का होईना, शर्यत पूर्ण केली तर एक गुण होता. पण मी गुणांचा विचार केला नाही. सतीश लंगडत का होईना, उठला होता. दादा उन्हात पळत होते. मी माघार म्हणायचो कसा?

"नहीं साहब. चार्ली पूरा करेगी."

बोललो आणि मनातल्या मनात पेपर सोडून दिला. सहा वर्षं. वडिलांना काय कळवायचं, याची वाक्यंही मी तिथेच उभा राहून जुळवली.

दादा ०८:५२ ला दिसले. बनियन अंगाला चिकटलेलं, गालांवर घामाचं मीठ वाळलेलं. पळत होते, पण रस्त्याच्या एका बाजूला कलल्यासारखे. मी रेषेवर उभा राहिलो. चिठ्ठी आणि पेन तयार ठेवलं. हात पुढे केला.

"दादा, डाक."

ते थांबले. गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेतला. पिशवी खांद्यावरून काढली नाही.

"नाही देत."

"काहून?"

"पेपर किती वाजता आहे?"

"दादा, मजाक नका करू. टाइम जाऊन राहिला."

"तुझा जाऊन राहिला. माझी काही परीक्षा नाही आज."

"तुम्ही पंधरा किलोमीटर पळून आले. अजून नऊ होत नाही तुमच्यानं."

"सकाळी चारपासून चुलीसमोर उभा राहतो मी. ते कधी मोजले का तू?"

"मी टीमचा कॅप्टन आहे, दादा. पिशवी द्या."

त्यांनी कंबर सरळ केली. आवाज एकदम बदलला.

"अन मी हवालदार आहे. लान्स नायक, सावधान!"

मी सावधान झालो. विचार करून नाही. टाचा आपोआप जुळल्या, हात चिकटले, हनुवटी वर. तेवढ्यात त्यांनी माझ्या हातातून पेन ओढलं, घेणाऱ्याच्या जागी स्वतःची सही केली, वेळ टाकली, आणि पुलावरून पळत सुटले. विश्राम म्हणायला ते थांबले नाहीत. मी तसाच उभा. सुभेदार साहेब चहाचा घोट घेता घेता हसले आणि ठसका लागला त्यांना.

मग त्यांनी कप ठेवला. "पेपर किधर है?"

"गढ़ा, साहब."

"नाश्ते की गाड़ी उधर से ही जाएगी. बैठ. और सुन, विश्राम."

गाडीतच मी पॅन्ट चढवली. कॉलेजच्या फाटकाशी ०९:२१ ला उतरलो. वर्गावरच्या बाईंनी माझ्या मातीने भरलेल्या बुटांकडे पाहिलं आणि हॉल तिकीट पाहून आत सोडलं. तीन तास लिहिलं.

दुपारी छावणीत पोचलो. सरळ लंगरात गेलो. दादा उलट्या पातेल्यावर बसले होते. पाय गरम पाण्याच्या टबात, हातात पळी, तिथूनच बाकीच्यांना हुकूम सुटत होते. ते १०:०७ ला मैदानावर पोचले होते. चोवीस किलोमीटर. शर्यत संपून बराच वेळ झाला होता. मंडपाच्या कनाती सोडवणं चालू होतं. सतीश पायाला पट्टी बांधून तिथे बसलेला होता. कनाती सोडवणाऱ्यांना त्याने शिव्या देऊन थांबवलं, की आमचा माणूस यायचा आहे अजून.

"आलं का रे अलिप्ततावाद?" दादांनी विचारलं.

"नाही आलं."

"नाही आलं? पाचच्या पाच मुद्दे पाठ करून?" त्यांना खरंच राग आला. "कोण बनवते हे पेपर?"

संध्याकाळी कंपनी कमांडरने बोलावलं. त्यांना सगळं कळलं होतं. "परीक्षा थी, तो बताया क्यों नहीं?" ते म्हणाले, "अगली बार मुँह खोलना." एवढंच. पण पुढे मी हाताखालच्या प्रत्येक जवानाला वर्षाच्या सुरुवातीलाच विचारत असे, तुझी एखादी परीक्षा आहे का.

जुलैत निकाल आला. सेकंड क्लास. दादांनी कंपनीसाठी शिरा केला आणि पहिली वाटी देवाला न ठेवता मला दिली. ठाकुर म्हणाला, पाप लगेगा. दादा म्हणाले, लागू दे.

ऑगस्टमध्ये आम्ही वर गेलो. दुसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, वरच्या पोस्टसाठी रॉकेल आणि रेशन घेऊन पाच जणांची पार्टी निघाली. दादांचं नाव त्या यादीत नव्हतं. एका जवानाला ताप होता, त्याच्या जागी ते गेले. सकाळी १०:४० ला बर्फाचा कडा सुटला. दोघे दोराला धरून वाचले. तिघे गेले. नायक रावत, शिपाई यादव आणि हवालदार बावणे. मी खालच्या पोस्टवर होतो. शोधणाऱ्या पार्टीत होतो. दादा दुसऱ्या दिवशी दुपारी सापडले. पाठीवरचा बोजा पट्ट्यांसकट जागेवर होता.

त्यांच्यासोबत गावापर्यंत जायची ड्यूटी मी मागून घेतली. तोवर मला मागायला येत होतं. तिथे सगळं आटोपल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. पाणी दिलं. मग विचारलं, "तुम्हीच का ते बीए?"

मी हो म्हणालो. त्यांनी मला जेवायला वाढलं.

आता मी रिटायर होऊन जबलपूरलाच राहतो. त्याच डिग्रीवर एका सरकारी ऑफिसात नोकरी आहे. मुलगी इंजिनिअरिंगला आहे. सतीशचं घमापुरात दुकान आहे. ठाकुर दर एप्रिलला हिमाचलहून येतो. आम्ही तिघे मिळून धरणापासून मैदानापर्यंत पळतो, तसेच टप्पे करून. दादांचा टप्पा तिघांनी तीन-तीन किलोमीटर वाटून घेतला आहे. शेवटचा माझा. सतीश स्कूटर घेऊन बाजूने येतो आणि पूर्ण वेळ टोमणे मारतो.

त्या दिवशी दादांना हा शेवटचा टप्पा पार करायला बहात्तर मिनिटं लागली होती. मला पंचावन्न-छप्पन्न लागतात. मैदानावर पोचलो की सतीश घड्याळ पाहतो, मान हलवतो आणि म्हणतो, "नहीं भैया, दादा याच्यापेक्षा जोरात होते." ठाकुर म्हणतो, "बहुत जोर से."

मी दोघांशीही वाद घालत नाही.