तीन साउंड कार्डं आणि गोविंदमामांचं गाणं

माझ्याकडे आज तीन साउंड कार्डं आहेत. गोविंदमामांचं गाणं एकही नाही.

मामा जाऊन आज वर्ष झालं.

गोविंदमामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. कुंभारवाड्याला बसमधून उतरून पाऊण तास आत चाललं की आठ घरं लागतात, त्यातलं शेवटचं घर त्यांचं. भात करायचे, जंगलात कामाला जायचे आणि शिमग्यात मांडावर, म्हणजे सगळे गाण्याला बसतात त्या ठरलेल्या जागी, गाणं सांगायचे.

सांगायचे म्हणजे ओळ मामा म्हणणार, बाकीचे मागून धरणार.

आपली माणसं कुठल्या वाटेने या डोंगरात आली, पहिलं पाणी कुठे लागलं, कोण कुठे राहिला, सगळं त्या गाण्यात होतं. पुरं गाणं एकट्या मामांना यायचं. बाकीच्यांना मागून धरायचं तेवढंच.

आणि नियम कडक. शिमगा संपून मांड मोडला, म्हणजे ती बैठक उठली, की ते गाणं वर्षभर तोंडात आणायचं नाही. गुणगुणायचंसुद्धा नाही.

मामांच्या शेवटच्या शिमग्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मांडावर बसण्याआधी ते स्वतःहून म्हणाले,
“सुन्या, तुझ्या फोनात घे की रे हे. माझ्यामागं कोन सांगनार हाय?”

मी शहाणा. म्हटलं, “फोनात नको मामा. आवाज पत्र्यासारखा येतो. पुढच्या वर्षी प्रॉपर सेटअप घेऊन येतो.”

मामा म्हणाले, “बरं बाबा, तुला कळतंय त्यातलं.”

नाही हो मामा, काही कळत नव्हतं.

रामनगरात माझं मोबाइल रिपेअरचं दुकान आहे. भजनी मंडळांना स्पीकर-माइक लावून देतो, म्हणून लोक मला साउंड इंजिनियर म्हणतात. मीही म्हणवून घेतो.

तर हा इंजिनियर वर्षभर साउंड कार्ड, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारी डबी, निवडत होता.

आधी एक अंगठ्याएवढं मागवलं. सगळ्यात स्वस्त. ते आल्यावर कळलं की माझ्या माइकला अठ्ठेचाळीस व्होल्ट लागतात आणि हे कार्ड ते देतच नाही. माइक मुका.

मग रिव्ह्यू बघायला लागलो. एक इनपुट की दोन? नॉइज किती? कार्टमध्ये टाकायचं, काढायचं, सेलची वाट बघायची. बायको म्हणाली, “अहो, एवढं बघून तर मला पण केलं नव्हतं!”

शेवटी दुसरं कार्ड आलं. दोन इनपुट, अठ्ठेचाळीस व्होल्टचं लाल बटण, खिशाला परवडणारं. लॅपटॉपसकट सगळं पोत्यात बांधून मी शिमग्याला मामांकडे पोचलो.

घरातून वायर ओढून अंगणात लॅपटॉप लावला. मामांना माइकसमोर बसवलं. “काहीतरी बोला, लेव्हल बघतो.”

“काय बोलू? जेवलास का न्हाई ते सांग आधी.”

हेडफोनमध्ये मामा होते, आणि मामांच्या मागे जाडसर घूंऽऽ.

ते रेकॉर्डिंग मी डिलीट केलं. लगेच. घूं होतं ना त्यात.

केबल बदलली. कार्ड काढून परत लावलं. मामा गुडघे दुमडून तसेच बसलेले. थोड्या वेळाने म्हणाले,
“ती करंटची वायर काढून बघ की रे.”

मी हसलो. “मामा, तुम्ही बसा हो.”

तेवढ्यात मांडावर बोलावणं आलं. मामा म्हणाले, “मी जाऊ व्हय? मानसं खोळंबल्यात.”

“तुम्ही सुरू करा, मी आलोच.”

आणि मी टेकडीवर गेलो. तिथे एका दगडावर उभं राहिलं की नेटवर्क येतं. घूं का येतं ते शोधायला.

खाली मामा गात होते. पुरं गाणं. वर मला ऐकू येत होतं.

माझ्या हातात फोन होता. चार्ज होता, रेकॉर्डिंगचं बटण होतं. आणि मी त्यावर साउंड कार्डचे रिव्ह्यू वाचत होतो.

स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नाही.

आठवड्याने दुकानात तेच कार्ड घेऊन बसलो होतो. परत घूं. तेवढ्यात करंट गेला. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला आणि घूं बंद.

चार्जरची वायर होती. मामा म्हणाले होते तीच.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने कुंभारवाडा गाठला. म्हटलं, “मामा, सापडलं! आता म्हणा.”

“मग मी काय म्हनालो हुतो?” मामा खूश झाले. आणि लगेच म्हणाले, “पन आता न्हाई रे. मांड मोडला. पुढल्या शिमग्याला ये.”

मी हट्ट केला नाही. उलट मनात म्हटलं, चला, तोवर अजून चांगलं कार्ड बघू.

ते तिसरं. पाऊस संपता संपता मामा गेले तेव्हा त्याचा बॉक्सही फोडलेला नव्हता. भात कापायला आलं होतं. ताप आला आणि चार दिवसांत माणूस संपला.

या शिमग्याला मी पोतं नेलं नाही.

माणसं मांडावर बसली. सांगणारा नव्हता, पण मांड रिकामा ठेवायचा नसतो. ढोल सुरू झाला.

जिथे मामांची ओळ, तिथे सगळे गप्प. तेवढा वेळ नुसता ढोल. मग मागून धरायचं तेवढं सगळ्यांनी मिळून धरलं. परत गप्प. पुरं गाणं असंच झालं.

मी फोन काढला आणि घेतलं.

घरी येऊन हेडफोन लावून ऐकलं. पत्र्यासारखा वगैरे काही नाही. चांगला आलाय आवाज. मामांच्या ओळींच्या जागा तर अगदी स्वच्छ आल्यात.

मामा, तुम्ही सांगत होता, फोनात घे. मी ऐकलं नाही. चुकलं माझं.

आणि हो, जेवलोय.

तुमच्या भाच्याचा नमस्कार घ्या.