रतिलालचा पुढचा ब्रेक

म्हसावदच्या रतिलाल पाटलाला शेतीपेक्षा इंजिनांचा नाद जास्त. घरचा ऊस आणि केळी थोरला भाऊ चुनीलाल बघायचा. रतिलाल आसपासच्या गावांत विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करत फिरायचा. लष्कराच्या लिलावातून त्याने एक जुनी साडेतीनशे सी.सी.ची मोटारसायकल आणली, दिवे, मडगार्ड, मागची सीट असं सगळं उतरवून ती हलकी केली आणि १९६२ साली धुळ्याला एका मोटार क्लबाच्या शर्यतीत नाव दिलं.

तिसऱ्या फेरीला वळणापाशी त्याने पुढचा ब्रेक ओढला, तर लिव्हर थेट मुठीला येऊन टेकली. गाडी सरळ कडब्याच्या गंजीत घुसली. हाड मोडलं नाही, पण बघायला जमलेली माणसं पोट धरून हसली आणि ते त्याला फार लागलं.

घरी आल्या आल्या त्याने जाहीर केलं, की पुढच्या शर्यतीआधी पुढचा ब्रेक बदलायचा. चुनीलाल ओसरीवर दात कोरत बसला होता.

"रेसमां थांबानं शे का पयानं?" त्याने विचारलं. शर्यतीत पळायचं, तर थांबायची सोय कशाला?

रतिलालने समजावलं. ज्याचा ब्रेक भरवशाचा, तो वळणाच्या अगदी तोंडाशी जाईपर्यंत वेग सोडत नाही. ज्याचा नाही, तो पन्नास हात आधीच भितो. चुनीलालने मान डोलावली आणि पुन्हा तेच विचारलं. मग रतिलालच्या बायकोने, सरलाबाईने विचारलं. न्हाव्याने विचारलं. पोस्टमनने सायकलवरून उतरून विचारलं. दिवाळीपर्यंत रतिलालने समजावणं सोडून दिलं.

विसरवाडीला हमरस्त्यावर धुडकू मिस्त्री ट्रकचे ब्रेक करायचा. तो म्हणाला, ट्रकचं कडक लायनिंग, म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून घासणारी पट्टी, कापून बसवू, जन्मात झिजणार नाही. बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शहाद्याच्या रस्त्यावर रतिलालने गाडी पळवली. समोर केळीच्या घडांनी भरलेली बैलगाडी आली. त्याने सगळा जोर लावून लिव्हर दाबली, पण लायनिंग नुसतं घसरत राहिलं. बैलगाडी चुकवून तो कपाशीच्या शेतात जाऊन थांबला. शेतवाल्याने काय काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही.

तो तसाच विसरवाडीला गेला. धुडकूने शांतपणे बिडी पेटवली.

"गरम व्हयना का धरी. धीर धर." लायनिंग तापलं की पकडेल, असं त्याचं म्हणणं.

"मी धीर धरसू, वळण धीर धरी का?" रतिलाल ओरडला.

पुढे मऊ लायनिंग लावून पाहिलं. ते सुरुवातीला छान धरायचं आणि चार वेळा दाबलं की तापून सुटायचं. शहाद्याच्या एका ओळखीच्या मास्तरांनी इंग्रजी मासिकातलं चित्र दाखवलं: दोन कॅमचा ब्रेक, लायनिंगच्या दोन्ही कमानी, म्हणजे शू, सारख्याच जोराने ड्रमवर दाबणारा. त्याची किंमत वाचून रतिलालने मासिक मिटून परत दिलं.

मग तो मुंबईला गेला. दोन दिवस जुन्या बाजारात फिरून त्याने पाचशेच्या गाडीचा मोठा हब, म्हणजे ब्रेकच्या ड्रमसकट चाकाचा मधला भाग, मिळवला. दुकानदार म्हणाला, "एकदम सीधा बैठेगा." रतिलालने तो पोत्यात बांधून मांडीवर धरून रेल्वेने आणला. सीधा तर सोडाच, तो वाकडाही बसेना. आस जाड, चाक धरणाऱ्या फोर्कचं भोक लहान, जुने स्पोक लांब. पत्र लिहिलं, तर दुकानदाराचं उलट कार्ड आलं: फोर्कही बदलून घ्या.

"मग गाडीच बदला ना," सरलाबाई म्हणाली. ती काही चेष्टा करत नव्हती. रतिलाल त्या दिवशी न जेवता उठला.

शेवटी नवा हब आणि जुनं चाक दोन्ही घेऊन तो नंदुरबारला इंद्रसिंगकडे गेला. इंद्रसिंग कापसाच्या एका जिनच्या वर्कशॉपमध्ये मोठ्या लेथवर काम करायचा. कमी बोलणारा, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्याने नव्या हबकडे पाहिलंसुद्धा नाही. जुनं चाक उचललं, ड्रममधून बोट फिरवलं.

"हाऊ गोल शे का?"

"म्हणजे?"

इंद्रसिंगने अख्खं चाक लेथवर चढवलं आणि हळूहळू फिरवलं. हत्यार एका बाजूला ड्रमला खरखर घासलं, दुसऱ्या बाजूला हवेत राहिलं. पुन्हा खरखर, पुन्हा हवा.

"स्पोक कोनी ताणात?"

"मीच," रतिलाल म्हणाला. दर महिन्याला तो हौसेने स्पोक आवळायचा आणि आवळून आवळून त्यानेच ड्रम अंडाकृती केला होता. अर्ध्या जागीच शू टेकत होता. रतिलाल बाहेर कापसाच्या गाठीवर जाऊन बसला. आनंद वगैरे काही झाला नाही. विसरवाडीच्या खेपा, मुंबईचे दोन दिवस, मांडीवरचं ते पोतं, सगळं आठवून त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

इंद्रसिंगने स्पोक सारखे करून ड्रम आतून कातला. मऊच पण जाड लायनिंग लावायला सांगितलं. रतिलालने ड्रमला खडू फासून, लायनिंग जिथे पांढरं होई तेवढंच कानसत आठ दिवस घालवले. कमी जोरात जास्त दाब यावा म्हणून कॅमची दांडी बोटभर लांब केली, हवेसाठी ड्रमवरच्या झाकणाच्या प्लेटला भोकं पाडून जाळी लावली. आता दोन बोटांनी लिव्हर ओढली तरी पुढचं चाक जमिनीला चिकटायचं.

१९६३च्या शर्यतीत नऊ जण होते. रतिलाल सातवा निघाला. सरळ रस्त्यावर सगळे त्याला मागे टाकत आणि वळणाच्या तोंडाशी तो एकेकाला गाठत असे. पाचव्या, शेवटच्या फेरीला तो दुसरा आला. पहिला आलेल्याची गाडी पाचशेची. तिला गाठायला ब्रेक पुरेसा नव्हता.

तिसरा आलेला नाशिकचा नवलसिंग शर्यत संपताच धावत आला. "कुठला ब्रेक बसवलात?"

"जुनाच आहे. गोल केला."

नवलसिंग हसला. आठ दिवसांनी तो एस.टी.ने म्हसावदला हजर. रतिलालने चाक काढून शू, लायनिंग, सगळं त्याच्यासमोर मांडलं. नवलसिंगने एकेक वस्तू उलटीपालटी करून पाहिली आणि मग हळूच विचारलं, "आणि खरा कुठे ठेवलाय?"

रतिलाल उठून ओट्यावर गेला. "पाहुणास्ले जेवाले वाढ," त्याने सरलाबाईला सांगितलं, "पन ब्रेकनं नाव काढू नको."