वालाच्या मुळावरच्या गाठी

माझा भाऊ म्हणतो, "ताई, तू एवढ्या-तेवढ्यावरून तापतेस." हो, तापते. नावड्याला आमच्या घरामागे शेताचा एकच तुकडा उरलाय. भात कापून झाला की बाबा त्यात वाल पेरतात. जमिनीत राहिलेल्या ओलीवर तो वाढतो, वेगळं पाणी लागत नाही. त्या वर्षी पाऊस लवकर गेला आणि वाल वीतभर होऊन खालून पिवळा पडायला लागला. भावाने लगेच निकाल दिला.

"जमीनच मेलीय. बाबांना पन आता काय जमत नाय. ट्रक लागू दे तिथे, टेन्शन खतम." तळोज्याच्या कारखान्यांचे ट्रक उभे करायला जागा हवी असलेला एक माणूस त्याच्या मागे होताच.

त्याचं मी एक वेळ सोडून दिलं असतं. पण बाबा ओट्यावर बसून म्हणाले, "माजाच हात बिगडला आसंल." जन्मभर वाल पिकवलेला माणूस स्वतःलाच दोष देत होता आणि भाऊ समोर बसून मोबाईल बघत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पिवळं दिसलं की युरिया, ही भातवाल्यांची सवय. "बघू, उठतंय का," म्हणत भावाने भाताचा उरलेला युरिया अर्ध्या शेतात फेकलाही. बाबा आडवे आले म्हणून अर्धं शेत वाचलं. "वालाला कोन युरिया घालतं रं? त्याचं तो कमावून खातो," ते म्हणाले.

हे ऐकून मला स्वतःचीच लाज वाटली. जुईनगरच्या माझ्या घरून रोज कॉलेजात जाऊन मी वर्षानुवर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. भुईमुगाची मुळं धुऊन, गाठी ब्लेडने कापून मुलांना दाखवल्या. या गाठीत जिवाणू राहतात, हवेतला नायट्रोजन झाडाला देतात; आत गुलाबी असेल तर गाठ कामावर आहे. मुलांनी आकृत्या काढल्या, मी मार्क दिले. पाणी तुटलं तर त्या गाठींचं काय होतं, हे मात्र घरच्या शेतात जाऊन मी एकदाही बघितलं नव्हतं.

त्या शनिवारी खुरपं घेऊन मी युरिया न पडलेल्या भागात बसले. पानं मान टाकून पडलेली नव्हती, नुसती पिवळी होती. एक रोप मातीसकट काढलं आणि गाठ कापली. आत हिरवट-करडं, गुलाबीचा मागमूस नाही. भुईमूग असो, वाल असो, माती सुकली की आधी गाठी काम थांबवतात. झाड सुकताना दिसतं ते नंतर. म्हणजे रोप उपाशी होतं, कारण त्याच्या मुळाशी ओल नव्हती. आणि कोरड्या मातीत युरिया टाकून काय होणार? तो तसाच पडून राहतो, मुळापर्यंत थोडा पोचलाच तर झाड उरल्यासुरल्या गाठीही सोडून देतं.

पाऊस लवकर गेला तरी एरवी ओल पुरायची; ती कुठे गेली, हेही मला दिसत होतं. वरच्या प्लॉटवर डंपरने भराव टाकला तेव्हा डोंगराकडून झिरपणारी पाण्याची वाट बुजली. तेव्हा डंपरना आमच्या बांधावरून वाट देणारा माझाच भाऊ होता. हे मी त्याला तोंडावर सांगितलं, आवाज चढवून सांगितलं, शेजारणी बाहेर आल्या तरी थांबले नाही.

मग युरिया न पडलेल्या दोन ओळींना आम्ही घरच्या नळाचं पाणी घातलं. शनिवार-रविवार मी, बाकी दिवस बाबा, बादलीने. तीन आठवड्यांनी नवी पानं हिरवी आली. भावाच्या गाडीच्या बॉनेटवर मी दोन मुळं ठेवली, एक कोरड्या ओळीतलं, एक ओल्या ओळीतलं. दोन्हींच्या गाठी कापल्या. ओल्या मुळाची गाठ आत चांगली गुलाबी होती.

बाबांनी ती बोटावर घेतली, उन्हाकडे धरली. "म्हंजे माजा हात बरा हाय," ते म्हणाले.

भाऊ म्हणाला, "प्रॅक्टिकल मस्त झालं ताई. पन मी शब्द देऊन बसलोय त्या ट्रकवाल्याला." आणि बॉनेट फडक्याने पुसलं. बाबा मुलाच्या शब्दाबाहेर गेले नाहीत. मी त्यांच्यावरही ओरडले.

शेंगा वाळल्यावर बाबा कापणीला बसले. वाल आम्ही उपटत नाही, विळ्याने बुडाशी कापतो. मुळं जमिनीत राहतात, पुढच्या भाताच्या कामी येतात. यंदा पुढे भात नव्हता, ट्रकसाठी खडी पडणार होती. तरी ते एकेक झाड तसंच, जपून कापत होते. मला ते बघवेना.

"बाबा, आता कोणासाठी ठेवताय मुळं? सरळ उपटा ना!"

त्यांनी वर बघितलं नाही. "आपन कापायचं. उपटायला ते येतीलच की."

मी घरात जाऊन दुसरा विळा आणला.