बाबांचं ‘नको’

त्या वर्षी माझं आणि देवाचं बोलणं बंद होतं. भांडण म्हणावं तर एकतर्फीच, कारण त्याच्याकडून उत्तर येत नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी मी शब्बाथचा, म्हणजे आमच्या आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाचा, दिवा लावायची, ठरलेला आशीर्वाद पुटपुटायची आणि मनात म्हणायची, माझं काम मी केलं, आता तू तुझं कधी करणार? राग माझ्यासाठी नव्हता, माझ्या सासऱ्यांसाठी होता. ज्या माणसाने जन्मभर देवाचा शब्द तोंडात खेळवला, त्याचंच तोंड देवाने बंद केलं होतं. ह्याचा न्याय मला कुठल्याही बाजूने लागत नव्हता.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून आमच्या पूर्वजांना गावात शनवार तेली म्हणत. माझं सासर अलिबागेकडचं. सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणत असू. पोटासाठी ते सुतारकी करत, आणि गावातल्या आमच्या प्रार्थनालयात, ज्याला आमची जुनी माणसं सरळ मशीदच म्हणायची, ते हझान होते. म्हणजे पुढे उभं राहून प्रार्थना म्हणणारे. मग तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं. माझ्या यजमानांना तिथे फिटरचं काम मिळालं आणि आम्ही चिंचणीला एका वाडीवाल्यांच्या घरातल्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मागे नारळ आणि चिकू, पुढे ओटा, आणि वारा असेल तसा समुद्राचा आवाज. गावाकडची आमची माणसं तोवर एकेक घर आवरून इस्राएलला निघाली होती, सासूबाई तर त्याआधीच वारलेल्या. म्हणून बाबाही हत्यारांची पेटी घेऊन आमच्याबरोबर आले. त्या पट्ट्यात आमच्या धर्माचं दुसरं घर असेलही, पण मला कधी भेटलं नाही.

घरमालकीणबाई पहिल्या आठवड्यात घर बघून गेल्या आणि त्यांनी विचारलं की तुमचा देव कुठे मांडला आहे. बाबा म्हणाले, आमच्या देवाला रूप नाही, तो कानाने भेटतो. बाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, म्हणजे धूळ झटकायचं काम नाही, बरं आहे. बाबा त्यावर दिवसभर हसत होते.

त्यांची देवाशी जवळीकच तशी होती. लाकूड रंधता रंधता दाविदाची स्तोत्रं म्हणायचे, आणि मध्येच खिळा वाकडा गेला तर त्याची तक्रारही त्याच सुरात वर पोचवायचे. शवुओथच्या सणाला, म्हणजे सीनाय डोंगरावर देवाने आपला शब्द दिला त्या दिवशी, ते मला दर वर्षी सांगायचे की तेव्हा आपण सगळे तिथे उभे होतो, अजून जन्मायचे होते तेसुद्धा. मी एकदा म्हटलं, मग मला कसं काही आठवत नाही? तर म्हणाले, तू त्या दिवशीही चुलीपाशी असशील. पण एक गोष्ट ते कधी हसण्यावारी नेत नसत. शेमा ही आमची मुख्य प्रार्थना, देव एक आहे असं सांगणारी. उजव्या हाताने डोळे झाकून ती म्हणायची. माणसाने जाताना शेमा म्हणत जावं, बाकीचं बोलणं इथेच ठेवून, असं ते म्हणत. त्यांच्या वडिलांनी तसंच केलं होतं. आपल्यालाही तेवढं मिळावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आणि एका सकाळी ओट्यावर पाट रंधताना त्यांचा उजवा हात लुळा पडला. पाठोपाठ उजवा पाय गेला, वाचा गेली. पालघरच्या डॉक्टरांनी तपासलं, औषधं दिली, आणि बाहेर येऊन स्पष्ट सांगितलं की चालतील थोडंफार, वाचेचं मात्र धरून चालू नका. पुढे काठीने चालू लागलेही. वाचेपैकी एकच शब्द उरला होता, तो म्हणजे ‘नको’. चहा आणू? नको. आणि डावा हात कपासाठी पुढे. ऊन लागतंय, आत चलता? नको, आणि काठी घेऊन उठायला लागायचे. आत त्यांना सगळं कळत होतं. दुसराच शब्द तोंडात आला हे ऐकून त्यांचं त्यांनाच तोंड फिरवावंसं वाटायचं. मी हळूहळू त्यांचा चेहरा आणि हात बघायला शिकले, शब्द सोडून दिला. घरात त्यावर थट्टाही चालायची, नाहीतर दिवस कसे गेले असते? पण संध्याकाळी शेमाच्या वेळी ते डाव्या हाताने उजवा हात उचलून डोळ्यांवर ठेवायचे, ओठ हलवायचे, आणि बाहेर यायचं ते ‘नको’. तेव्हा मी तिथून उठून जायची. मला त्यांची भीती दिसायची. आपण शेमावाचूनच जाणार, हे त्यांनी ओळखलं होतं.

त्यात आमच्या यजमानांची पितृभक्ती आडवी आली. शब्बाथची सुरुवात आमच्यात किद्दुशने होते. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून त्यांचं सरबत करतात, आणि घरातला वडीलधारा पेला हातात घेऊन देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला ते सुरात म्हणतो. बाप बसलेला असताना मुलाने पेला उचलायचा म्हणजे बापाला जिवंतपणी बाजूला सारणं, असं ह्यांना वाटे. तरी आजारपणानंतरच्या पहिल्या शुक्रवारी ह्यांनी विचारलं, “बाबा, मी म्हणू का?” बाबा म्हणाले, “नको.”

झालं. पेला झाकून ठेवला तो ठेवलाच. मी ह्यांना किती समजावलं, अहो, चहालाही नको म्हणतात आणि कप चाटूनपुसून देतात. ह्यांचं एकच, चहाची गोष्ट वेगळी. इतका आज्ञाधारक मुलगा मी दुसरा पाहिला नाही, आणि देवाने दुसरा करूही नये. दर शुक्रवारी मी मनुकांचं सरबत करायची, पेला भरायची, वर पांढरा रुमाल टाकायची, आणि शनिवारी ते सरबत आम्ही तसंच पिऊन टाकायचो. बाबांच्या कानांवर पडतील असे प्रार्थनेचे शब्द घरात कुणी काढेनासं झालं. त्यांना वाईट वाटेल म्हणून हे मनातल्या मनात म्हणायचे. मी तर देवाशी अबोलाच धरला होता. तीन माणसांच्या घरात तीन मुकी.

पावसाळा सरल्यावरची गोष्ट. शुक्रवार होता. उन्हं उतरली तसा मी दिवा लावला. हे सायकलवरून येऊन आंघोळ करून बसले होते, बाबा त्यांच्या खुर्चीत. तेवढ्यात ओट्यावर एक म्हातारा येऊन टेकला. अंगात बंडी, खांद्यावर टॉवेल, पायाला कसलीशी चिंधी बांधलेली. त्याने पाणी मागितलं. मुलीला भेटायला चिंचणीला आलो होतो, कोळ्यांच्या घिवली गावी परत जायचंय, बस काही आली नाही, असं सांगितलं. मी पाणी दिलं. पाणी पिऊन त्याने कानामागची विडी काढली आणि काडेपेटी मागितली. आता आमच्यात एकदा शब्बाथचा दिवा लागला की पुढे विस्तव पेटवत नाहीत. मी त्याला तसं सांगितलं, वाईट वाटून घेऊ नका म्हटलं. त्याने विडी परत कानामागे सरकवली आणि दारातून आत डोकावला.

“सण हाय काय तुमचा?”

मी म्हटलं, दर आठवड्याला असतो.

“मंग गप का बसलेव सगली? आन ते झाकून काय ठेवलाय?”

परक्या माणसाला काय सांगायचं असतं? पण त्याच्या विचारण्यात चांभारचौकशी नव्हती. खरं तर त्या वेळी मला कुणीतरी विचारायलाच हवं होतं. मी सांगून टाकलं, की प्रार्थना घरचे वडील म्हणतात, त्यांची वाचा गेली, म्हणून पेला तसाच राहतो. म्हाताऱ्याने बाबांकडे पाहिलं. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग तो ह्यांना म्हणाला, अगदी सहज, जाळं कुठे सुकत घालायचं ते सांगावं तसं:

“आमच्यात म्हाताऱ्याचा गला गेला का पोऱ्या गातो. म्हातारा आयकतो. त्याला बोलता येत नाय, आयकाया तं येते ना? मंग त्याला उपाशी का ठेवतंव?”

हे उठले, टोपी नीट केली, रुमाल काढला आणि पेला हातात घेतला. बाबांना विचारलं नाही, हे बरं केलं.

ह्यांचा आवाज बेताचा, त्यात एवढ्या महिन्यांनी म्हणत होते. सुरुवात बरी झाली. मध्येच सूर घसरला आणि एक अख्खी ओळ गळली. माझ्या लक्षात आलं, कारण ती ओळ मी लग्न झाल्यापासून दर शुक्रवारी ऐकली होती. हे तसेच पुढे निघाले. तोच खुर्चीकडून आवाज आला. फाटका, खरखरीत, पण सुरात. गळलेली ओळ बाबा म्हणत होते. पूर्ण ओळ, एकेक शब्द स्वच्छ, शेवटची लांबवण सुद्धा. प्रार्थनेत चुकलेल्याला तिथेच अडवून दुरुस्त करायची त्यांची जन्माची सवय. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण पेला हातात असल्यामुळे पुसता येईना. बाबांनी ओळ संपवली आणि चालू दे अशी मान हलवली. मी दाराला धरून उभी होते. मला रडू आलं आणि त्याबरोबर हसूही, कारण ह्यांनी पुढेही दोन ठिकाणी चुका केल्या आणि बाबांनी दोन्ही पकडल्या.

सरबत द्यायला मी ओट्यावर आले तर म्हातारा नव्हता. पेला संपेपर्यंत थांबला असता तर बरं झालं असतं. पुढे ह्यांनी कामावरच्या घिवलीच्या माणसांकडे चौकशी केली. बंडी, टॉवेल, दुखरा पाय, ह्या खुणांचे म्हातारे त्यांनी बरेच सांगितले, आणि त्यांतला आमचा एकही नव्हता. आमच्या लोकांचा विश्वास आहे की एलियाहू नबी अडल्या वेळी कुणाच्याही रूपाने दारात येतो. तो अग्निरथातून स्वर्गात गेला म्हणतात, आणि कोकणात तर त्या रथाच्या खुणा दाखवतात. तो तोच होता असं मी म्हणत नाही. एलियाहू नबी शब्बाथला काडेपेटी मागणार नाही, एवढं मला कळतं. पण पुढच्या रविवारी मी पोहे, गूळ, खोबरं कालवून त्याच्या नावाचा मलिदा केला, वाडीतले चिकू आणि केळी ताटात मांडली आणि घरमालकीणबाईंनाही प्रसाद दिला. त्या दिवशी देवाशी माझं बोलणं पुन्हा सुरू झालं.

बाबांची वाचा आली का? नाही. शनिवारी सकाळी मी चहा विचारला तर उत्तर ‘नको’च. डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले की कधीकधी असं होतं, बोलणं जातं आणि पाठ असलेलं गाणं राहतं. असेल. ते कसं राहतं ह्यापेक्षा राहिलं ह्याचाच मला आनंद. मात्र स्वतःहून सुरुवात करणं बाबांना जमत नसे. दुसऱ्या कुणीतरी म्हणायला घ्यावं, आणि चुकावं, की ते उचलायचे. मग आम्ही दोघंही मुद्दाम चुकायला शिकलो. रोज संध्याकाळी शेमा म्हणताना एखादा शब्द गाळायचा, आणि तो त्यांनी रागावून भरायचा. शेजारी म्हणायचे, तुमच्याकडे रोज भांडण कसलं चालतं?

दीडेक वर्ष असं गेलं. मग त्यांना ताप आला आणि तो उतरेना. एका दुपारी हे कामावर होते, बाबांचा श्वास बदलला. घरमालकीणबाईंनी ह्यांना आणायला माणूस पाठवला आणि त्या दाराशी बसल्या. मी बाबांजवळ होते. मला वाटलं, आता ती वेळ. मी शेमा म्हणायला घेतला आणि रोजच्यासारखा एक शब्द गाळला. थांबले. ते उचलतील म्हणून वाट पाहिली. ओठ हललेसुद्धा नाहीत. पुन्हा म्हटलं, पुन्हा गाळला. काही नाही. एवढं सगळं देऊन देवाने शेवटचं तेवढं काढून घेतलं, असं वाटलं.

तेव्हा मला तो म्हातारा आठवला. त्याला उपाशी का ठेवतंव? शेमाचा अर्थच ‘ऐक’ असा आहे. बाबांनीच मला शिकवलेला, आणि आम्ही सगळे शेमा म्हणण्याच्याच मागे लागलो होतो. मी वाकून विचारलं, “बाबा, मी सगळा म्हणू? तुम्ही ऐकता?”

ते म्हणाले, “नको.” आणि डावा हात पुढे केला, कप घ्यायला करायचे तसा. माझा उजवा हात धरला आणि आपल्या डोळ्यांवर ठेवला.

मी एकही शब्द न गाळता शेमा म्हटला. त्यांनी ऐकला. संपला तेव्हा माझ्या तळव्याखाली त्यांच्या पापण्या हलायच्या थांबल्या होत्या.

पुढे बरीच वर्षं नातेवाईक विचारत आले आहेत, म्हातारबाबा हझान होते, जाताना शेमा म्हणाले असतील ना? मी खरं ते सांगते, की त्यांचा शेवटचा शब्द ‘नको’ होता. माणसं हळहळतात. मला आता त्याचं काही वाटत नाही. त्या ‘नको’चा अर्थ मी चहा देता देता शिकले, मग ज्याने तोंड दिलं आणि शब्दही दिला, त्याला तो कळला नसेल का? मी दिवा लावते तेव्हा अजूनही काही मागायला जाते, आणि कित्येकदा तोंडून भलतंच निघतं. मग मी नुसता हात पुढे करते आणि गप्प बसते.